बेरिलियम कॉपर सी१७२०० : टीडी०२, टीएच०२ आणि टीएम०२ यात नक्की फरक काय? स्प्रिंग काँटॅक्टसाठी कुठलं घ्यावं?

अनुजा_डिझाईन

नमस्कार मंडळी, एका कनेक्टरमधल्या स्प्रिंग काँटॅक्टचं काम आलंय आणि मटेरियलच्या टेंपरवर (कडकपणाच्या प्रतीवर) गाडी अडकली आहे. पार्ट साधा आहे, ०.२ मिमी जाडीची पट्टी, एका बाजूने पकडलेली, मोकळी लांबी १२ मिमी, टोक साधारण २ मिमी दाबलं जाणार, दोन बेंड आहेत त्यातला एक काटकोनात. करंट थोडाच आहे पण आजूबाजूचं तापमान बराच वेळ १२५ डिग्रीपर्यंत राहणार. टोकाच्या उंचीचा टॉलरन्स ±०.०५ मिमी.

ड्रॉइंग जुनं आहे, त्यावर फक्त "बेरिलियम कॉपर हाफ हार्ड एचटी" एवढंच लिहिलंय. एका सप्लायरने जे सर्टिफिकेट पाठवलं त्यावर टीडी०२ आहे आणि ताकद ६४० एमपीए (मेगापास्कल). दुसरा म्हणतो टीएम०२ घ्या, त्याची ८७० एमपीए. आणि स्टँडर्डमध्ये बघायला गेलं तर टीएच०२ ला १३०० च्या आसपास आकडे दिसतात. तिन्हीत "०२" आहे, तिघेही म्हणतात हाफ हार्ड, मग एकाच मटेरियलच्या एकाच हाफ हार्डमध्ये दुपटीचा फरक कसा काय? आणि ताकद जास्त तर कंडक्टिव्हिटी कमी होणार ना, मग सर्वात ताकदवान घेणं बरोबर का?

प्रेसवाल्यांचं म्हणणं आहे की त्यांना मऊ पट्टी द्या, कडक पट्टीला बेंडमध्ये तडे जातात. कुणी हे मटेरियल वापरलं असेल तर जरा नीट समजावून सांगा प्लीज.

भट्टीकर

अनुजाताई, प्रश्न छान मांडलाय, आकडे दिलेत त्यामुळे उत्तरही नेमकं देता येईल.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, या मटेरियलची खरी ताकद भट्टीत येते. पितळ किंवा फॉस्फर ब्राँझला कडक करायला फक्त रोलिंग आहे, त्यामुळे तिथे हाफ हार्ड म्हटलं की विषय संपला. सी१७२०० मध्ये १.८ ते २ टक्के बेरिलियम असतं, ते ७६० ते ८०० डिग्रीला तांब्यात पूर्ण विरघळवतात आणि पाण्यात टाकून झटकन थंड करतात म्हणजे ते बाहेर पडायला वेळच मिळत नाही, आत अडकून राहतं. याला सोल्यूशन ट्रीटमेंट म्हणतात, आणि ही झाली टीबी०० अवस्था, जुन्या भाषेत ए टेंपर, ताकद ४१० ते ५४० एमपीए, हाताने वळेल इतकी मऊ. मग हीच पट्टी ३१५ डिग्रीला दोन-तीन तास ठेवली (यालाच एजिंग म्हणतात) की अडकलेलं बेरिलियम अतिशय बारीक कणांच्या रूपात बाहेर यायला लागतं आणि ते कण स्फटिकाच्या थरांना एकमेकांवरून सरकू देत नाहीत. एवढ्यावर ताकद ११४० च्या वर जाते. रोलिंग अजिबात नाही, नुसती भट्टी. त्याला टीएफ०० म्हणतात.

आता तुमचे तीन कोड. "०२" हा फक्त रोलिंग किती केलं ते सांगतो, आणि आधीची दोन अक्षरं सांगतात की पट्टी प्रोसेसच्या कुठल्या टप्प्यावर उभी आहे. टीडी म्हणजे सोल्यूशन ट्रीटमेंट झाली, रोलिंग झालं, एजिंग अजून बाकी आहे. टीएच म्हणजे तीच टीडी पट्टी एजिंग करून झालेली. टीएम म्हणजे मिलमध्येच एजिंगसकट सगळं करून दिलेली, मिल हार्डन्ड, तुम्ही फक्त प्रेस करायची. म्हणून टीडी०२ ला ५८५ ते ६९०, टीएम०२ ला ८२५ ते ९३०, आणि टीएच०२ ला १२७५ ते १४८०. तुमच्या पहिल्या सप्लायरने चुकीचं काही दिलेलं नाही, त्याने कच्चा माल दिलाय, भट्टी तुमच्याकडे आहे असं तो धरून चाललाय. ड्रॉइंगवरचा "एचटी" म्हणजे टीएच०२, म्हणजे ड्रॉइंग काढणाऱ्याच्या मनात होतं की टीडी०२ पट्टी घ्यायची, वळवायची आणि मग पार्ट भट्टीत टाकायचे. हे अर्ध वाक्य कुठेतरी हरवलं की लोक टीडी०२ चे पार्ट तसेच बसवतात आणि मग स्प्रिंग ढिली पडली म्हणून ओरड होते.

कंडक्टिव्हिटीचं उलटं आहे बरं का. विरघळलेलं बेरिलियम इलेक्ट्रॉनला सगळीकडे आडवं येतं, म्हणून सोल्यूशन अवस्थेत कंडक्टिव्हिटी शुद्ध तांब्याच्या १५ ते १९ टक्केच असते. एजिंगमध्ये ते बाहेर पडून एका जागी गोळा होतं, तांबं स्वच्छ होतं आणि कंडक्टिव्हिटी २२ ते २८ टक्क्यांवर जाते. म्हणजे भट्टीत ताकद आणि कंडक्टिव्हिटी दोन्ही एकदम वाढतात. एजिंगने कडक होणाऱ्या तांब्याच्या मिश्रधातूंचं हे वैशिष्ट्य मला फार आवडतं.

आता तुमचा हिशोब. अशा एका टोकाला पकडलेल्या पट्टीत मुळाशी येणारा ताण म्हणजे तीन गुणिले इलॅस्टिक मॉड्युलस गुणिले दाब गुणिले जाडी, भागिले लांबीच्या वर्गाची दुप्पट. मॉड्युलस १३० गिगापास्कल धरा, २ मिमी दाब, ०.२ जाडी, १२ लांबी, उत्तर येतं साधारण ५४० एमपीए. टीडी०२ ची यील्ड (ज्या ताणाला पट्टी कायमची वाकायला लागते तो) ५१५ पासून सुरू होते म्हणजे कमी बाजूची पट्टी आली तर पहिल्याच दाबात कायमची वाकणार. टीएम०२ ची यील्ड कमीत कमी ६५० च्या आसपास, चालतंय. टीएच०२ ची ११०० च्या वर, भरपूर शिल्लक.

आणि एक, मॉड्युलस टेंपरने जवळपास बदलत नाही. तेवढ्याच दाबाला काँटॅक्ट फोर्स सगळ्या टेंपरमध्ये तोच येणार, कडक टेंपर घेऊन फोर्स वाढत नाही, फक्त किती दाबलं तरी परत येईल ती मर्यादा वाढते. फोर्स वाढवायचा तर जाडी वाढवा किंवा लांबी कमी करा.

अनुजा_डिझाईन

भट्टीकर सर, खूप खूप धन्यवाद, दोन दिवस जे शोधत होते ते एका उत्तरात मिळालं. म्हणजे दोन रस्ते आहेत, टीडी०२ घेऊन वळवून मग एजिंग, किंवा सरळ टीएम०२. ताकदीच्या हिशोबाने टीएच०२ चांगलं दिसतंय, मग लोक टीएम घेतात तरी का? आणि एजिंग केल्यावर पार्टचं माप बदलतं का?

प्रेसशॉप_दादा

माप बदलतं ताई, आणि तुमच्या पार्टला तोच कळीचा मुद्दा आहे असं मला वाटतं.

बेरिलियमचे कण बाहेर पडताना धातूची घनता थोडी वाढते म्हणजे पार्ट आकसतो, लांबीत साधारण ०.२ टक्के. तुमच्या १२ मिमीला ते ०.०२४ मिमी होतं, ते डायमध्ये आधीच धरून घेता येतं, त्याचं काही नाही. त्रास बेंडचा आहे. वळवलेल्या जागी बाहेरच्या आणि आतल्या बाजूला वेगवेगळा ताण अडकलेला असतो, भट्टीत तो सुटायला लागतो आणि दोन्ही बाजू सारख्या वेगाने एज होत नाहीत, त्यामुळे बेंडचा कोन हलतो. किती हलेल ते पट्टी, बेंडची त्रिज्या, दिशा यावर ठरतं आणि एका लॉटमध्येसुद्धा सगळे पार्ट सारखे हलत नाहीत. आता १२ मिमी लांबीवर एक डिग्री कोन हलला तर टोक ०.२१ मिमी वरखाली होतं, तुमचा टॉलरन्स ±०.०५ आहे. म्हणजे पाव डिग्रीच्या आत कोन राखावा लागेल. फिक्स्चरमध्ये पकडून एजिंग करतात लोक, होतं ते, पण प्रत्येक पार्ट फिक्स्चरमध्ये बसवायचा, सगळं फिक्स्चर आतून बाहेरून एकसारखं तापलं पाहिजे आणि वेळ पार्ट तापल्यापासून मोजायचा, फर्नेसने ३१५ दाखवलं तेव्हापासून नाही. मोठ्या संख्येला हे फार कटकटीचं काम आहे.

मिल हार्डन्ड पट्टी याचसाठी निघाली. प्रेसमधून बाहेर पडला की पार्ट तयार, मग प्लेटिंग. शिवाय एजिंगनंतर पार्टवर जो ऑक्साइडचा थर येतो त्यात बेरिलियम ऑक्साइड असतं, ते हट्टी असतं, साध्या अ‍ॅसिड पिकलिंगला (आम्लात बुडवून थर काढणं) सहज दाद देत नाही, आधी गरम कॉस्टिक सोड्यात ठेवून ढिलं करावं लागतं आणि मग पिकलिंग. फर्नेसमध्ये नायट्रोजन असला तरी हलकासा थर येतोच कारण बेरिलियमला ऑक्सिजनची ओढ फार. तो थर नीट निघाला नाही तर वरचं प्लेटिंग पकडत नाही. टीएम पट्टी मिलमधून साफ होऊन येते.

बेंडला तडे जातात म्हणणारे तुमचे प्रेसवाले पण खोटं बोलत नाहीयेत. टीडी०४ म्हणजे फुल हार्ड पट्टी वाईट बाजूने, म्हणजे बेंडची रेषा रोलिंगच्या दिशेला समांतर ठेवून वळवायची तर जाडीच्या जवळजवळ तिप्पट त्रिज्या लागते, चांगल्या बाजूने जाडीएवढी पुरते. टीबी०० जवळपास कशीही वळते. टीएम०२ या दोघांच्या मध्ये बसते. तुमच्या पार्टचा काटकोनाचा बेंड स्ट्रिपवर कुठल्या दिशेने येतोय ते लेआऊट करताना बघा, ब्लँक (पट्टीतून कापलेला सपाट तुकडा) तिरका किंवा आडवा फिरवून बेंडची रेषा रोलिंगच्या दिशेला काटकोनात आणता आली तर अर्धं काम तिथेच होतं. आणि ड्रॉइंगवर आतली त्रिज्या लिहा, "शार्प" लिहून सोडू नका.

माझं मत, टीएम०२ घ्या.

भट्टीकर

दादांशी पूर्ण सहमत. फक्त एक जोडतो, टीएम पट्टी घेतली की तिला परत ३१५ च्या भट्टीत टाकायचं नाही. कुणीतरी म्हणतं अजून थोडी ताकद येईल, टाकून बघू, पण मिलने वेळ आणि तापमान बदलून मुद्दाम ताकद आणि वळण यांचा मेळ घातलेला असतो, परत तापवल्यावर काय मिळेल याची हमी कुणी देणार नाही आणि कोन हलायचा तो हलणारच. पुढे कधी ३ मिमी दाब करायचं ठरलं तर ताण ८१० च्या वर जाईल, तेव्हा टीएम०२ पुरणार नाही, टीएम०४ पण काठावर पडेल, टीएम०६ ला जा, तिची यील्ड ९३० च्या पुढे असते पण बेंडची त्रिज्या तेव्हा मोठी करावी लागेल.

धातुरंग

सगळं वाचलं, माहिती उत्तमच आहे पण मी जरा वेगळा मुद्दा मांडतो. ५४० एमपीए ताण आणि १२५ डिग्री, एवढ्यासाठी बेरिलियम लागतंच का? सी७०२५० बघा. निकेल २.२ ते ४.२ टक्के, सिलिकॉन साधारण अर्धा-पाऊण टक्का, चिमूटभर मॅग्नेशियम. यात निकेल सिलिसाइडचे कण पडतात, तत्त्व तेच, विरघळवा, अडकवा, बाहेर काढा. हे मिश्रधातू कॉर्सन नावाच्या धातुशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात मांडले म्हणून यांना कॉर्सन अलॉय म्हणतात आणि आज कनेक्टर, लीडफ्रेम यात ते भरपूर वापरले जातात. हे पण मिलमधून टीएम टेंपरमध्येच येतं, टीएम०३ ची यील्ड साधारण ६५० च्या घरात म्हणजे तुमच्या टीएम०२ बेरिलियम कॉपरच्या खालच्या मर्यादेला टेकतं, मॉड्युलस तोच १३० च्या आसपास, आणि कंडक्टिव्हिटी ४० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे बेरिलियमवाल्याच्या दीडपट तरी. १२५ ला ते फॉस्फर ब्राँझपेक्षा खूपच चांगला फोर्स टिकवून धरतं.

स्प्रिंगच्या बाबतीत यील्ड बघून लोक थांबतात पण गरम जागी खरा शत्रू स्ट्रेस रिलॅक्सेशन आहे, पट्टी दाबलेल्या अवस्थेत महिनोन्महिने गरम राहिली की आतला ताण हळूहळू विरघळतो, पट्टी दिसायला तशीच पण फोर्स गेलेला. पितळ यात सर्वात आधी हात टेकतं. एजिंगवाल्या मिश्रधातूंमध्ये ते बारीक कणच डिसलोकेशनला (स्फटिकातल्या सरकणाऱ्या दोषांना) धरून ठेवतात म्हणून ही सगळी मंडळी इथे वरचढ. तेव्हा डेटाशीटमध्ये १००० तासांनंतर किती टक्के ताण शिल्लक राहतो तो आलेख तुमच्या तापमानाला बघा आणि तो कुठल्या टेंपरचा आणि कुठल्या दिशेचा आहे ते पण वाचा.

दुसऱ्या टोकाला सी७२९०० आहे, १५ टक्के निकेल ८ टक्के कथील, त्यात स्पायनोडल पद्धतीने ताकद येते, ताकद बेरिलियम कॉपरच्या जवळपास जाते पण कंडक्टिव्हिटी ७-८ टक्केच. करंट कमी आणि फोर्स महत्त्वाचा असेल तर चालेल, बेअरिंगला तर फारच सुंदर मटेरियल. तुमच्या कामाला मात्र मी सी७०२५० चे नमुने मागवून बेरिलियमवाल्याशेजारी ठेवून टेस्ट करीन.

वेल्डवाला

धाग्यात मध्येच घुसतो, माफ करा. आमच्याकडे स्पॉट वेल्डिंगच्या टिप्स क्रोमियम कॉपरच्या आहेत, त्याही एजिंगवाल्याच ना? एका ठिकाणी होल्डरला सिल्व्हर ब्रेझ करायचं म्हणतायत, केलं तर कडकपणा जाईल का?

भट्टीकर

हो, त्याच कुटुंबातलं. सी१८२०० मध्ये ०.६ ते १.२ टक्के क्रोमियम, ९८०-१००० डिग्रीला विरघळवून पाण्यात, मग ४२५ ते ५०० ला दोन ते चार तास. खोलीच्या तापमानाला क्रोमियम तांब्यात जवळजवळ विरघळतच नाही त्यामुळे एजिंगमध्ये ते बहुतेक सगळं बाहेर पडतं आणि म्हणून कंडक्टिव्हिटी ८० टक्क्यांवर जाते. ताकद मात्र बेरिलियमवाल्याच्या निम्मीही नाही. त्यात थोडं झिर्कोनियम घातलं की सी१८१५०, गरम असताना जास्त दम धरतं, आयटर या फ्यूजन रिअ‍ॅक्टरमध्ये डायव्हर्टर या तापणाऱ्या भागाची उष्णता ओढणाऱ्या पाइपांना हेच क्रोमियम-झिर्कोनियम कॉपर निवडलंय.

ब्रेझिंगचं म्हणाल तर सिल्व्हर ब्रेझची फिलर ६०० च्या वरच वितळते आणि एजिंग ५०० च्या खालचं, म्हणजे जोडाजवळचे कण फुगून मोठे आणि विरळ होणार, ती जागा मऊ पडणार. जोड टिपच्या काम करणाऱ्या तोंडापासून लांब ठेवता आला आणि मधे पाण्याने थंड ठेवता आलं तर चालवून घेता येईल, पण जमत असेल तर टेपरने किंवा थ्रेडने बसवा, ब्रेझिंग टाळा.

काळजीवाहू

एक सुरक्षेचं लिहितो कारण इथे ऑक्साइडचा थर आणि पिकलिंगचा उल्लेख आलाय. बेरिलियम कॉपरची पट्टी हातात धरणं, प्रेस करणं, वळवणं यात काळजीचं कारण नाही. धोका श्वासातून जाणाऱ्या बारीक धुळीचा आणि धुराचा आहे, म्हणजे कोरडं ग्राइंडिंग, पॉलिशिंग, वेल्डिंग, वितळवणं आणि एजिंगनंतरचा तो सुटा ऑक्साइड झाडणं. काही लोकांचं शरीर बेरिलियमला अ‍ॅलर्जीसारखी प्रतिक्रिया देतं आणि त्यातून पुढे फुफ्फुसांचा कायमचा आजार होऊ शकतो, तो कधीकधी काम सोडल्यावर कित्येक वर्षांनी उमटतो. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेने २०१७ च्या नियमात आठ तासांच्या सरासरीची मर्यादा दर घनमीटर हवेत २ मायक्रोग्रॅमवरून ०.२ वर आणली, दहापट खाली, यावरून समजून घ्या. पार्ट घासायचे तर ओले घासा, धूळ ओढणारी यंत्रणा उगमापाशी लावा, कॉम्प्रेस्ड एअरने मशीन झाडू नका, आणि कामाचे कपडे घरी नेऊ नका. ड्रॉइंगवर मटेरियलसोबत ही सूचना लिहायची सवय डिझाईनवाल्यांनी लावून घ्यावी अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण टूलरूममध्ये ज्याच्या हातात तो तुकडा येतो त्याला ते नुसतं पितळेसारखं दिसतं.

अनुजा_डिझाईन

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलंय की सी१७२०० टीएम०२ आणि सी७०२५० टीएम०३ दोन्हीचे नमुने करायचे, काटकोनाचा बेंड चांगल्या दिशेने येईल असा ब्लँक फिरवायचा आणि दोन्ही १२५ ला दाबून ठेवून फोर्स मोजायचा. सुरक्षेची सूचना ड्रॉइंगवर घालतेच. एक शेवटचं विचारते, आमच्याच दुसऱ्या एका पार्टला मात्र टीडी०२ घेऊन बाहेरून एजिंग करून घेणं भाग आहे, तिथे ताणच ९०० च्या पुढे आहे. पार्ट इतका छोटा की टेन्साइल टेस्ट शक्य नाही. एजिंग बरोबर झालं की नाही ते कसं ओळखायचं?

भट्टीकर

कडकपणा आणि कंडक्टिव्हिटी दोन्ही मोजा, एकट्या कडकपणावर जाऊ नका. पट्टी ०.२ ची असेल तर रॉकवेल सी चालणार नाही, खालच्या ऐरणीचा परिणाम येतो, मायक्रो विकर्स घ्या. कंडक्टिव्हिटीला एडी करंट मीटर असतं पण छोट्या पार्टवर ते बसत नाही, म्हणून त्याच कॉइलच्या पट्टीचे तुकडे प्रत्येक ट्रेमध्ये पार्टसोबत भट्टीत ठेवायला सांगा, एक मध्यभागी, एक दाराजवळ. तेच तुकडे रुंद ठेवले तर टेन्साइल पण निघेल.

वाचायचं असं. कडकपणा कमी आणि कंडक्टिव्हिटी पण कमी, म्हणजे एजिंग अपुरं झालंय, तेच पार्ट परत भट्टीत टाकून राहिलेला वेळ पुरा करता येतो. कडकपणा कमी पण कंडक्टिव्हिटी जास्त, २८ च्या वर सरकलेली, म्हणजे जास्त एजिंग झालंय, कण मोठे झालेत, आणि ते पार्ट गेले, कारण परत सुरुवात करायची तर ८०० ला नेऊन विरघळवावं लागेल आणि त्यात रोलिंगची ताकद पुसली जाईल, शिवाय पार्टचा आकारही वेडावाकडा होईल. कडकपणा कमी आणि कंडक्टिव्हिटी मात्र नेहमीसारखी असं दिसलं तर आधी कॉइलचं सर्टिफिकेट काढून बघा, टीडी०२ ऐवजी टीबी०० आली असेल, एजिंगनंतर तिची ताकद टीएच०२ च्या खालच्या मर्यादेला पोचेलच असं नाही.

आणि ऑर्डरवर "एजिंग करा" एवढं लिहू नका, ३१५ डिग्री, दोन तास, पार्ट तापमानाला पोचल्यापासून, असं लिहा. टीबी०० ला तीन तास लागतात, रोलिंग झालेल्या टीडी पट्टीला दोन पुरतात.